गाडीची अडलेली खिडकी

उन्हाळाभर बंद राहिलेली कांच मृगाचा गार वारा सुटतांच गाडीचा मालक हौसेनें खालीं करतो, आणि पावसाचे टपोरे थेंब पडूं लागल्यावर ती वर येण्याचें साफ नाकारते. छत्रपती संभाजीनगरांतील जुन्या गाड्यांच्या मालकांना हा प्रसंग अपरिचित नाहीं. वैशाखांतील ऊन खिडकीचें रबर वाळवून टाकतें, रस्त्यावरची बारीक धूळ त्याच्या खांचेंत बसते, आणि कांच जणुं चिमट्यांत धरली जाते. उतरतांना तिचा स्वतःचा भार मोटरला साहाय्य करतो. चढतांना तोच भार विरुद्ध उभा राहतो. म्हणून खिडकी अडते ती बहुधा उघडी असतांनाच, म्हणजे नेमकी नको तेव्हां.

वाळूजला १९८५ पासून दुचाक्या आणि रिक्षा तयार होऊं लागल्या, शेंद्र्याला २००१ पासून परदेशी बांधणीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. अशा यंत्रनगरींतहि मालकाला पुष्कळदां सांगण्यांत येतें कीं, 'सगळें मशीनच बदला.' कधीं तें खरें असतें. परंतु कित्येकदां दोष एखाद्या फ्यूजचा किंवा तुटक्या तारेचा निघतो. खर्च करण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें पाहणें मालकाच्याच हिताचें.

विजेच्या साहाय्यानें कांच हलविण्याची सोय १९४० च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड गाडींत प्रथम आली. त्या वेळीं विजेची मोटर तेलाचा दाब निर्माण करी व तो दाब कांच उचली. पुढें ही मोटर दाराच्या पोटांतच बसविण्यांत आली. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात व ते एका दांतेरी चक्राला फिरवितात. ह्या रचनेची खुबी अशी कीं, मोटर चक्राला फिरवूं शकते, पण चक्र मोटरला फिरवूं शकत नाहीं. त्यामुळेंच बाहेरून कांच दाबून खालीं सरकत नाहीं. पुढें कांहीं गाड्यांत कातरीसारख्या दोन भुजा कांच उचलतात, तर कांहींत लोखंडी दोरी तिला रुळावरून ओढते.

आतां परीक्षा. सर्वच खिडक्या मूक झाल्या असतील तर फ्यूज किंवा रिले पाहावा. चालकाच्या दाराखेरीज इतर खिडक्याच चालत नसतील, तर चालकापाशीं असलेलें कुलुपाचें बटण चुकून दाबलें गेलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. ह्या एका बटणानें भल्याभल्यांना फसविलें आहे! एकच खिडकी अडली असेल तर इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून, छताचा दिवा लावावा आणि खिडकीचें बटण दाबावें. दिवा किंचित् मंदावला तर वीज मोटरपर्यंत पोंचते आहे, पण मोटर किंवा कांच अडकली आहे. दिव्यांत फरक पडला नाहीं तर बटण, तार किंवा मोटरच्या आंतील ब्रशांचा संशय घ्यावा. मोटर घरघरते पण कांच हलत नाहीं, तेव्हां दोरी तुटली किंवा कांच धरणारी क्लिप मोडली असें समजावें.

फ्यूज जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा घालावा. त्या जागीं तारेचा तुकडा किंवा चांदी घालणें म्हणजे दारांत आगीला आमंत्रण देणें होय.

पाऊस आलाच असेल आणि कांच तात्पुरती वर घ्यावयाची असेल, तर एकानें बटण दाबून धरावें व दुसऱ्यानें दाराच्या आंतील पॅनेलवर खालच्या बाजूस तळहातानें थाप मारावी. अडलेले ब्रश कधीं कधीं एवढ्यानें जागे होतात. त्याच वेळीं दोन्ही तळहातांमध्यें कांच धरून तिला वर नेण्यास मदत करावी. मात्र बटण सतत दाबून ठेवूं नये; मोटर तापली कीं आंतील संरक्षक पट्टी वीज तोडते, आणि थंड होईपर्यंत ती हलत नाहीं. दार उघडतां-मिटतां खिडकी मध्येंच चालत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळींतील तार तुटली आहे, हें जवळजवळ निश्चित. ती नुसती पिळून चिकटपट्टी लावूं नये. डाग देऊन जोडावी.

दार खोलण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी व कांच वर घेऊन चौकटीला पट्टीनें घट्ट चिकटवावी. कातरीच्या रचनेंत एक जबर स्प्रिंग असते. भुजा बांधून ठेवल्याशिवाय मोटर काढली तर ती स्प्रिंग सुटते व बोटें चिरडतात. हें काम ज्याला ठाऊक नाहीं त्यानें तें कारागिरावर सोपवावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. रबराला सिलिकोनचा फवारा द्यावा. घरचें खोबरेल किंवा इंजिनचें तेल हौसेनें लावणारे पुष्कळ आहेत, पण त्यावर धूळ चिकटते आणि इंजिनच्या तेलानें रबर फुगतें. ग्रीस केवळ धातूच्या रुळांना.

मुलें मात्र दूर ठेवावीं. जुन्या गाड्यांतील कांच मध्यें हात किंवा मान आली तरी बहुधा आपण होऊन थांबत नाहीं. मागच्या आसनावर गुडघे टेकून बाहेर पाहणाऱ्या मुलाचा पाय बटणावर पडला, तरी ती वर चढूं शकते. गाडी उभी करून जातांना किल्ली काढून घ्यावी आणि दुरुस्तीनंतर तें कुलुपाचें बटण चालतें कीं नाहीं, हेंहि पाहावें.

पॅनेलच्या मागची प्लॅस्टिकची चादर पूर्वीसारखी चिकटवावी. ती फाटली तर पावसाळ्यांत पाणी पायांखालीं येतें. शेवटीं पॅनेल बसविण्यापूर्वीं कांच दोन-चार वेळां वर-खालीं करावी आणि बाहेरून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावें. तें दाराच्या तळाच्या भोंकांतून बाहेर पडलें पाहिजे. न पडल्यास भोंकांत साठलेली माती काडीनें काढावी.