बॉस तोच, असिस्टंट नवे!

टीम हरली की कोचला हाकला! क्रिकेट बघत वाढलेल्या माझं हेच मत होतं. 2016 साली मेलबर्नला प्रोजेक्टवर होते, तेव्हा शेजारच्या क्युबिकलमध्ये रिचमंडचा कट्टर फॅन बसायचा. रिचमंड म्हणजे तिथल्या ‘फूटी’चा, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, जुना क्लब. त्या सीझनला 18 टीम्समध्ये 13वा. शेवटच्या मॅचला सिडनीने 113 पॉइंट्सनी धुतलं. सोमवारी स्वारी गप्पगप्प.

कोच डेमियन हार्डविक आता घरी, मी मनात म्हटलं. पण क्लबने त्याला ठेवलं आणि बदलली त्याच्या आजूबाजूची माणसं. जीलाँगहून ब्लेक कॅराचेला आला. फुटबॉलचा सगळा कारभार बघायला अनुभवी नील बाम. (डोकेदुखीवर बाम, मी हसून घेतलं!) आणि जस्टिन लेपिच. हा आधी रिचमंडचाच असिस्टंट, मग ब्रिस्बेनचा हेड कोच. तिथे नारळ मिळाला, तर हा परत असिस्टंट व्हायला तयार! आपल्या ऑफिसात कुणी असं परत येईल? इगो आडवा येतो ना राव.

खरं तर या खेळात एकट्या कोचचं काम नाहीच. क्रिकेटएवढं मैदान, एका बाजूचे 18 जण. फॉरवर्ड्स, मिडफिल्ड, डिफेन्स, प्रत्येकाकडे बघायला वेगळा माणूस लागतो.

30 सप्टेंबर 2017. ग्रँड फायनलमध्ये रिचमंडने अॅडलेडला 48 पॉइंट्सनी हरवलं. 1980 नंतरचं पहिलं विजेतेपद, कोच हार्डविकच. मी तोवर पुण्यात परतले होते. शेजाऱ्याचा मेसेज आला, ‘सोमवारी रजा.’