चिंतेचे ओझे आणि कर्तृत्व

चिंतेच्या टोचणीवाचून यश मिळत नाही, हा समज अपुरा आहे. रॉबर्ट यर्कीझ आणि जॉन डॉडसन यांना १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, अवघड काम शिकवताना विजेच्या धक्क्याची तीव्रता मर्यादेपलीकडे वाढवल्यास शिकणे मंदावते. माणसाच्या बाबतीत चिंतेचे विचार कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हाताळत असलेली माहिती क्षणभर धरून ठेवणाऱ्या मनाच्या तोकड्या जागेत, घर करतात आणि मूळ कामासाठी तेथे पुरेसा वाव उरत नाही. जेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक यांच्या २०११ मधील अभ्यासात परीक्षेपूर्वी १० मिनिटे आपली भीती कागदावर उतरवणाऱ्या चिंताग्रस्त विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. चिंता सुटली तरी ध्येय सुटत नाही. उलट त्याच्याकडे वळण्यास मन मोकळे होते.