दोन दिवसांची रत्नागिरी

नाताळच्या सुटीत पाच-सात मित्र एकत्र जमले, की सहलीची टूम निघाल्याशिवाय राहत नाही. कोणी डोंगराचे नाव काढतो, कोणी समुद्राचे. आणि दोन्ही एकाच ठिकाणी हवे असतील, तर कोकणातील रत्नागिरीकडे बोट दाखविले जाते. मात्र दोन दिवसांत शहर पाहावयाचे, म्हणजे प्रेक्षणीय स्थळांची यादी हाती घेऊन एकेका नावावर खूण करीत धावावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. अशी मंडळी घरी परततात तेव्हा त्यांच्याजवळ छायाचित्रे भरपूर असतात. पण किल्ला अगोदर पाहिला की राजवाडा, हेही त्यांना आठवत नाही. त्यापेक्षा मनाशी एखादा प्रश्न धरावा आणि त्याचे उत्तर शोधीत शहरातून हिंडावे. रत्नागिरीत तर असा प्रश्न पावलोपावली समोर येतो. ज्या माणसांना जगापासून दूर ठेवावयाचे होते, त्यांच्यासाठी इंग्रज सरकारला हेच शहर का सोयीचे वाटले?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आगगाडीतच मिळते. मुंबईहून येणारी कोकण रेल्वेची गाडी रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याच्या बोगद्यात शिरते. हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. खिडकीबाहेर काळोख दाटतो, रुळांचा आवाज दुप्पट होतो, गप्पा थांबतात आणि टोळीतला एखादा हिशेबी मित्र घड्याळाकडे पाहत मिनिटे मोजू लागतो. केवढा डोंगर पोखरून हा रस्ता काढावा लागला, याची कल्पना त्या मिनिटांवरून येते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्यापूर्वी रत्नागिरीस जावयाचे, तर घाट उतरून मोटारीने नाहीतर मुंबईहून आगबोटीने जावे लागे. आणि पावसाळ्यात समुद्र खवळला, की आगबोटीही बंद पडत. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र आणि मधला मुलूख नद्यांनी व खाड्यांनी चिरलेला. अशा ठिकाणी बंदिवान ठेवला, म्हणजे पहारेकऱ्याचे निम्मे काम डोंगर आणि समुद्रच करीत.

शहरात पोहोचल्यावर पहिली सकाळ टिळक आळीसाठी राखून ठेवावी. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी येथील एका घरात झाला. घर पाहून मित्रांपैकी एखाद्याचा थोडा हिरमोड होण्याचा संभव आहे. ना बुरूज, ना महाल. उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटी, अंगणात तुळशीवृंदावन, असे ते साधे कोकणी घर आहे. लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. १८६६ साली त्यांची पुण्यास बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ आईवडिलांबरोबर घाट चढून गेला. पुढे या मुलाने सरकारला इतके सतावून सोडले, की १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ती भोगण्यासाठी सरकारने त्यांना समुद्रापलीकडे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मंडाले येथे नेऊन ठेवले. तेथील तुरुंग ब्रह्मी राजांच्या जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत होता. मंडाले हे नाव मित्रांनी ध्यानात ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

तेथून मांडवीच्या किनाऱ्यावर जावे. जाताना खिशात एक लहानसा लोहचुंबक असला, तर फार मौज येते. येथील वाळू काळसर आहे. ती मळलेली आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तो तिचा मूळचाच रंग होय. कोकणातील काळे कातळ झिजून त्यांचे कण ओढ्यानद्यांतून समुद्रास मिळतात. हलके कण लाटा ओढून नेतात आणि जड कण किनाऱ्यावर मागे राहतात. या जड कणांत इल्मेनाइट नावाचे खनिज असते. त्यात लोह आणि टायटॅनियम ही दोन मूलद्रव्ये असतात. कोरड्या वाळूवरून चुंबक फिरविला, की लोहयुक्त काळ्या कणांच्या मिशा त्याला फुटतात. ही मौज पाहण्यास पैसा लागत नाही. बहुतेक प्रवासी मात्र ती न पाहताच भेळ खाऊन परततात!

दुपार उतरू लागली, की रत्नदुर्ग गाठावा. लोक त्याला भगवती किल्लाही म्हणतात, कारण बालेकिल्ल्यात भगवती देवीचे देऊळ आहे. घोड्याच्या नालासारखा आकार आणि तिन्ही बाजूंना समुद्र, अशी या किल्ल्याची रचना आहे. तटावर उभे राहिले असता एका बाजूस मिरकरवाडा बंदरातील होड्यांची दाटी दिसते आणि दुसऱ्या बाजूस, डोंगराच्या टोकावर, १८६७ साली बांधलेले दीपगृह दिसते. आपल्या किनाऱ्याचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न येथे पूर्वी तोफांनी सोडविला जाई. आज हे टोक वाट चुकलेल्या गलबताला किनारा दाखविण्याचे काम करते. सूर्य पाण्यात बुडेपर्यंत येथून हलू नये. घाई करणारा एखादा मित्र असतोच. त्याला भगवतीच्या देवळातील घंटा मोजावयास सांगावे.

दुसऱ्या दिवसाचा आरंभ पतितपावन मंदिरापासून करावा. अंदमानातून परत आणलेल्या विनायक दामोदर सावरकरांना १९२४ साली तुरुंगातून सोडताना सरकारने अट घातली, की त्यांनी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाऊ नये आणि राजकारणात भाग घेऊ नये. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना देवळाबाहेरच थांबावे लागे. राजकारण बंद झालेल्या सावरकरांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. भागोजीशेठ कीर हे रत्नागिरीचेच. त्यांनी मुंबईत बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळविला होता. त्यांनी द्रव्य दिले आणि १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना मोकळे असलेले हे मंदिर उभे राहिले. ज्याला कोपऱ्यात गप्प बसविण्यासाठी येथे ठेवले, त्याने त्या कोपऱ्यातच असे काम उभारावे, हे सरकारच्या हिशेबात नव्हते.

झाडगावचे मत्स्यालय वाटेवर पाहून घ्यावे. १९५८ साली स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे ते अंग आहे. देवमाशाचा सांगाडा पाहून लहानमोठे सारेच स्तब्ध होतात.

आता राहिला थिबा राजवाडा. उंचावर वसलेली ही इमारत, तिची उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या आणि त्यांतील रंगीत काचा पाहून हा एखाद्या सुखी राजाचा विलासमहाल असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो एका कैद्याचा निवास होता. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले आणि राजाला राणीसह बोटीत बसवून देशाबाहेर काढले. प्रथम मद्रास आणि १८८६ साली रत्नागिरी असा त्याचा प्रवास झाला. तेव्हा त्याने वयाची तिशीही ओलांडली नव्हती. प्रारंभीची वर्षे त्याने साध्या बंगल्यांत काढली; राजवाडा तयार झाला तो १९१० साली. घर मिळाले, पण शहर सोडून जाण्याची मुभा मिळाली नाही.

येथे मित्रांनी कालचे नाव आठवावे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या या नव्या वाड्यात कैदेत होता. आणि रत्नागिरीस जन्मलेले टिळक त्याच हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होते. जणू सरकारने दोन माणसांची आणि दोन गावांची अदलाबदल केली होती. हा केवळ योगायोग मानून पुढे जाणे बरोबर नव्हे. ज्याच्यामागे लोक उभे राहतील, त्याला त्याच्या लोकांपासून तोडावयाचे, आणि मधे समुद्र घालावयाचा, ही त्या राज्यकर्त्यांची ठरलेली रीत होती. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरलाही त्यांनी रंगूनला धाडले. १८६२ साली तो तेथेच मरण पावला. टिळकांची सुटका १९१४ साली झाली आणि ते आपल्या माणसांत परतले. थिबाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. तीस वर्षे रत्नागिरीत काढून १९१६ च्या डिसेंबरमध्ये त्याने येथेच देह ठेवला.

राजवाड्यापासून जवळच थिबा पॉइंट नावाची टेकडीची कड आहे. तेथून भाट्याची खाडी, तिच्यावरील पूल आणि पलीकडे उघडा समुद्र दिसतो. राजाचा देश मात्र या समुद्राच्या पलीकडे नव्हे, पाठीमागे, साऱ्या हिंदुस्थानच्या पूर्वेस होता. हे ध्यानात आले, म्हणजे त्या सुंदर देखाव्याकडे पाहताना मन थोडे अवघडते.

थिबाची समाधी शहरातच आहे. तेथे त्याची धाकटी राणीही चिरविश्रांती घेत आहे. थोरली राणी सुपयालत हिला १९१९ साली मुलींसह ब्रह्मदेशी परतण्याची परवानगी मिळाली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीच्या माणसाशी संसार थाटून पुन्हा येथे आली आणि १९४७ साली येथेच वारली. समाधीकडे प्रवाशांची पावले क्वचितच वळतात. टोळीतही या वेळी दोन तट पडतात. काहींना बाजारातून आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमे घ्यावयाची असतात. त्यांना खुशाल जाऊ द्यावे. उरलेल्यांनी ही जागा पाहावी. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन या समाधीचे दर्शन घेतले होते.

राजाला आता तरी त्याच्या देशी न्यावे की नाही, असा विषय मग निघतोच. तीस वर्षे परतीची वाट पाहिलेल्या माणसाला मरणानंतरही परक्या भूमीत ठेवणे योग्य नव्हे, असे एक जण म्हणतो. त्याची राणी येथे आहे, लेकही येथेच परत आली, मग ही भूमी परकी कशी, असे दुसरा विचारतो. तिसरा आणखीच पेच घालतो: थिबाला मंडालेस न्यावयाचे, तर रंगूनमधील बहादूरशहाला दिल्लीस आणावे लागेल, ते कोण आणणार? एवढ्यात आंबापोळीच्या पुड्या घेऊन बाजारवाले मित्र येऊन पोहोचतात आणि सारी हकीगत त्यांना पहिल्यापासून सांगावी लागते.