डॉक्टर पुन्हा शाळेत का जातात?

दवाखान्यावर 'डॉक्टर परिषदेस गेले आहेत' अशी पाटी दिसली की पेशंटच्या कपाळाला आठी पडते. साहजिक आहे, खेड्यावरून एस.टी.ने आलेल्या माणसाचा दिवस बुडतो, रोज बुडतो. पण ही परिषद म्हणजे नुसती सहल नव्हे. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरला आपली नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट तासांचे शिक्षण घेतल्याचे दाखले महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला द्यावे लागतात.

नवी औषधे, नव्या तपासण्या हे या वर्गांतले नेहमीचे विषय. अलीकडे त्यांत दोन विषयांची भर पडत आहे : डॉक्टरचे स्वतःचे स्वास्थ्य आणि सर्व रुग्णांना न्याय्य उपचार. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. जागतिक वैद्यक संघटनेची १९४८ सालची जिनिव्हा शपथ आहे. रुग्णाचा धर्म, वंश, सामाजिक दर्जा उपचाराच्या आड येऊ देणार नाही, असे वचन तीत पहिल्यापासून आहे. २०१७ साली त्याच शपथेत आणखी एक कलम घातले गेले : उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या प्रकृतीकडेही लक्ष देईन.

कारण उघड आहे. कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून जळून जातो, त्याला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे सांगितली : गळून जाणे, कामाविषयी तुटकपणा येणे आणि हातून नीट काम न होणे. हा रोग नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था आहे. रात्रभर बाळंतपणे करून सकाळी ओ.पी.डी.त बसलेल्या डॉक्टरला पन्नासावा पेशंट आत येईपर्यंत ऐकण्याचे त्राण उरत नाही. मग तो जवळची वाट धरतो. शिकलेला, ओळखीचा पेशंट चार प्रश्न विचारून त्याला थांबवतो. नवऱ्याच्या मागे पदर सावरून उभी असलेली बाई काहीच विचारत नाही. घाईचा फटका तिलाच बसतो.

याची किंमत केवढी असू शकते ते बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ साली तेथील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे मी म्हणत नाही. पण अंगावरून पांढरे जाणे बहुधा जंतुसंसर्गाने होते आणि ते गोळ्यांनी बरे होते. जास्त रक्तस्रावावरही अनेकदा औषधे पुरतात. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, खाडा झाला तर दंड. त्यात कोणी 'कॅन्सर होईल' म्हटले, की बाई ऑपरेशनला तयार होते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि पुन्हा तिलाच मोळी उचलायची असते.

न्याय्य उपचार म्हणजे सर्वांना एकच चिठ्ठी देणे नव्हे. 'पंधरा दिवसांनी दाखवा' हे बाजारपेठेतल्या दुकानदाराला सोपे आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याला ते अशक्य आहे. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या अधिक दिवसांच्या लिहून द्याव्या लागतात आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचा कागद सोबत द्यावा लागतो. इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवा म्हणण्याआधी घरी फ्रीज आहे का, हे विचारायला हवे. नसेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, कुपीला पाणी लागू न देता, सावलीत ठेवायला सांगता येते. शेवटी 'समजले का?' असे विचारू नये. मान सगळेच डोलावतात. 'आता घरी सासूबाईंना काय सांगाल ते मला सांगा' असे म्हटले की काय समजले नाही ते लगेच कळते. याला एक मिनिट लागते. मला तरी ही युक्ती महागड्या यंत्रापेक्षा मोलाची वाटते.

अर्थात सगळ्याच परिषदा अशा नसतात. सही करायची, औषध कंपनीचे जेवण जेवायचे आणि दाखला खिशात घालायचा, हा प्रकारही चालतो. तास भरले म्हणजे डॉक्टर शिकला, असे कौन्सिललाही खात्रीने सांगता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर तीन गोष्टी जरूर विचारा : आधी औषधाने काही होईल का, थांबलो तर काय धोका आहे, आणि नंतर कोणता त्रास संभवतो. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. सोनोग्राफीचे व तपासणीचे सर्व कागद मागून घ्या, ते जपून ठेवा, आणि तातडी नसेल तर जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्या. घरातल्या बाईला तपासायचे असेल तर तिलाच बोलू द्या.