हॉर्नची जागा बदलण्यापूर्वी

भर पावसात घाटातल्या वळणावर मोटारसायकलस्वार हॉर्नचे बटण दाबतो आणि नेहमीच्या खणखणीत आवाजाऐवजी केवळ घोगरी घरघर उमटते. वळणापलीकडून येणाऱ्या एसटीच्या चालकाला दुचाकीची चाहूल देण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या क्षणी उरलेला नसतो. असा प्रसंग एकदा अनुभवला की, हॉर्न आहे त्या जागेवरून हलवावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. काम वरकरणी दोन नट आणि दोन वायरींचे असते. मात्र ते चुकले, तर जुनी अडचण जाऊन तिच्या जागी नवी आणि अधिक धोकादायक अडचण उभी राहते.

आपल्याकडील बऱ्याच मोटारसायकलींवर हॉर्न हेडलॅम्पच्या खाली, पुढच्या चाकाच्या वर किंवा मागे बसवलेला असतो. समोरच्या बाजूला आवाज मोकळेपणाने जावा, यासाठी ती जागा योग्यच असते. पण पुढचे चाक उडवते तो चिखल आणि पाणीही तेथेच पोहोचते. याशिवाय जादा दिवे, लेगगार्ड किंवा काच बसवताना हॉर्न आड येतो. काहींना तो नजरेला खुपतो. हार्ले डेव्हिडसनच्या मोठ्या मोटारसायकलींवर हॉर्न वर्षानुवर्षे डाव्या बाजूला, दोन सिलिंडरांच्या मध्ये चकचकीत आवरणाखाली बसवला जात असे. इंजिन मोकळे दिसावे म्हणून तो तेथून हलवण्याची हौस परदेशातील दुचाकीप्रेमींत रूढ आहे. कारण कोणतेही असो, हॉर्नचे कार्य समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावणे शहाणपणाचे नाही.

आवाज येतो कसा?

दुचाकीवरील तबकडीच्या आकाराच्या हॉर्नमध्ये एक विद्युतचुंबक, पोलादाचा पातळ पडदा आणि उघडझाप करणारे संपर्कबिंदू असतात. बटण दाबताच चुंबक पडद्याला ओढतो. पडदा पुरेसा ओढला गेला की संपर्कबिंदू उघडतात, वीज खंडित होते आणि पडदा मूळ जागी परततो. त्याबरोबर संपर्क पुन्हा जुळतो. हे चक्र सेकंदाला सुमारे ४०० वेळा घडते आणि त्या कंपनांतून आवाज निर्माण होतो. आत पाणी किंवा चिखल शिरला की पडद्याची हालचाल मंदावते व संपर्कबिंदू गंजतात. घरघर उमटते ती यामुळेच.

हॉर्न लवचीक पोलादी पट्टीवर टांगलेला असतो, त्यालाही कारण आहे. पडद्याच्या कंपनांबरोबर हॉर्नच्या धडालाही थरथरण्याची मोकळीक हवी असते. ही पट्टी काढून हॉर्न थेट चासीवर घट्ट आवळला, तर आवाज बसका होतो. धडाचा एखाद्या पाइपला किंवा वायरींच्या जुडग्याला स्पर्श झाला, तरी तोच परिणाम होतो. म्हणून जागा बदलली तरी मूळ पट्टी कायम ठेवावी आणि हॉर्नभोवती सर्व बाजूंनी मोकळी जागा राखावी.

आडोसा नको

हॉर्न सीटखाली किंवा इंजिनमागे दडवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. हॉर्नच्या ४०० हर्ट्झच्या मूळ स्वराची तरंगलांबी सुमारे ८६ सेंटिमीटर असते. त्यामुळे तो स्वर इंजिन किंवा टाकीला वळसा घालून पुढे जाऊ शकतो. परंतु आवाजाला धार देणारे दोन-तीन हजार हर्ट्झचे उच्च स्वर अवघ्या ११ ते १७ सेंटिमीटर तरंगलांबीचे असतात व आडोशामागे अडतात. मानवी कान याच पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. म्हणजेच दडवलेला हॉर्न वाजतो, पण वाहनांच्या गोंगाटातून तो वेगळा उठून ऐकू येत नाही.

येथे आणखी एक फसगत होते. हॉर्न हॅण्डलजवळ वर आणला की चालकाला तो मोठा झाल्यासारखा वाटतो. वास्तविक तो केवळ त्याच्या स्वतःच्या कानाजवळ आलेला असतो. मोकळ्या जागेत कानापासूनचे अंतर निम्मे झाले, की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. समोरच्या पादचाऱ्याच्या दृष्टीने मात्र काहीच बदललेले नसते. हॉर्न आपल्यासाठी नसून दुसऱ्यासाठी असतो, हे लक्षात ठेवूनच जागा निवडावी.

नवी जागा निश्चित करताना हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. हॉर्न किंवा त्याची वायर कोठेही अडकता कामा नये. वळणावर हॅण्डल अडकणे हे हॉर्न बंद पडण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. खड्ड्यात पुढचा शॉकअॅब्सॉर्बर पूर्ण दबला, तर मडगार्ड हॉर्नवर आदळणार नाही, याचीही खात्री करावी. सायलेन्सरची धग आणि इंजिनकडे जाणारा वारा अडवणारी जागा टाळावी. तोंड पुढे आणि किंचित खाली ठेवल्यास आत शिरलेले पाणी निथळून जाते.

लांबी नव्हे, जोड महत्त्वाचा

वायर वाढवल्याने आवाज कमी होतो, असा समज आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. दोन्ही वायरी अर्धा-अर्धा मीटर वाढवल्या आणि हॉर्नने तीन अँपिअर वीज घेतली, तरी घट जेमतेम ०.०५ व्होल्टची होते. याउलट पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड गंजला व त्याचा रोध अर्धा ओहम झाला, तर एकट्या त्या जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या हॉर्नला हा फटका मोठा आहे. म्हणून जोडाला डाख द्यावा किंवा तो योग्य टर्मिनलने दाबून घ्यावा व त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. अनेक मोटारसायकलींत चावी फिरवताच हॉर्नपर्यंत वीज पोहोचलेली असते आणि बटण केवळ अर्थिंग पूर्ण करते. अशी वायर घासून चासीला टेकली तर फ्यूज उडतो. एकाच वायरीच्या हॉर्नमध्ये अर्थिंग पट्टीतूनच होते. तेथे रंग किंवा गंज राहिला, तर नवा हॉर्नही मुका राहील. जागा बदलताना जादा हॉर्न जोडायचा असेल, तर वाढीव वीज हॅण्डलवरील बटणातून नेऊ नये. त्यासाठी रिले आणि स्वतंत्र फ्यूज लागतो.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमानुसार वाहनाच्या हॉर्नने पुरेसा इशारा दिला पाहिजे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या किंवा कर्कश, भयभीत करणाऱ्या हॉर्नला मात्र मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४ एफ कलमानुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार आणि त्यानंतर दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जागा बदलण्याच्या निमित्ताने मूळ हॉर्नऐवजी ट्रकचा भोंगा बसवणे म्हणूनच अंगाशी येऊ शकते.

काम पूर्ण झाल्यावर परीक्षा घ्यावी ती दुसऱ्याच्या कानाने. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहनविषयक २८ क्रमांकाच्या नियमात हॉर्नची तीव्रता वाहनाच्या समोर सात मीटरवर मोजली जाते. घरच्या चाचणीलाही तेच अंतर सोयीचे आहे. मोकळ्या जागी कोणाला तरी तेवढ्या अंतरावर उभे करावे, जागा बदलण्यापूर्वी आणि नंतर एकदाच हॉर्न वाजवावा व फरक विचारावा. इंजिन सुरू असताना, हॅण्डल दोन्हीकडे वळवून आणि गाडी धुतल्यानंतर पुन्हा तपासावे. आवाज आधीपेक्षा दबला असेल, तर कितीही देखणी वाटली तरी ती जागा सोडून द्यावी. हॉर्न क्वचितच वाजवावा, हे खरे. पण ज्या एका वळणावर तो वाजवावा लागतो, तेथे तो ऐकू गेलाच पाहिजे.