टीईटीचे नव्वद गुण आणि वाडीवरचा वर्ग

दिवाळी उलटली की भिवपुरीच्या आसपासच्या वाड्यांवरली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जायला निघतात. पोरंही बरोबर जातात, ती परततात पावसाळ्याच्या तोंडावर. मागे राहिलेल्यांना गुरुजी पुस्तकातली मराठी शिकवतात. घरात बोली कातकरी किंवा ठाकरी. एका खोलीत दोन-तीन इयत्ता. असा वर्ग कोणाला सांभाळता येईल, हे टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गुणांवरून कळतं का?

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा प्रश्न जुन्या शिक्षकांच्याही दारात आणला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे.

पहिली ते पाचवीसाठीच्या पेपरात १५० मिनिटांत १५० बहुपर्यायी प्रश्न. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ९० हवेत.

ही परीक्षा निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला स्वतःला अपूर्णांक येत नाहीत, तो ते शिकवणार कसा? पेरू देशातल्या सहावीच्या मुलांवरचा २०१२ चा अभ्यास हेच दाखवतो: शिक्षकाचं गणित पक्कं, तर मुलांचंही सुधारतं. पण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात डॅन गोल्डहेबर यांनी परवाना परीक्षेचे गुण मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहिले (२००७), तेव्हा संबंध आढळला तो बेताचाच. नापास ठरू शकणारे काही जण वर्गात उत्तम शिकवत होते, आणि चांगल्या गुणांचे काही जण मागे होते. शिवाय गुण खरे हवेत. आपल्याकडे २०१९ च्या टीईटीतल्या गैरव्यवहारापायी ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली.

भट्टीवरून परतलेल्या मुलीची सुटलेली वजाबाकी कुठून धरायची, बोलीतल्या शब्दावरून तिला वाचनाकडे कसं न्यायचं, हे चार पर्यायांत मावत नाही. ते वर्गात बसूनच दिसतं. त्यासाठी नव्या शिक्षकाची, कायम होण्याआधीची, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं आपल्या हाती आहेतच. त्या काळात केंद्रप्रमुखांनी आणि अनुभवी शिक्षकांनी वारंवार वर्गात बसून पाहावं, चुकतं तिथे हात द्यावा, आणि कायम करताना त्या नोंदींना वजन असावं. टीईटी दारावर राहू द्या. वाडीवरचा शिक्षक मात्र त्याच्या वर्गात जाऊनच जोखा.