माहेरीच बंदी : शिकागो आणि पिनबॉल

फळीवर खिळे ठोकून त्यांमधून गोट्या सोडायच्या, हा बॅगाटेलचा खेळ आपल्याकडेही पुष्कळ घरांत असे. पिनबॉल त्याचाच वंशज. मात्र पिनबॉलची यंत्रे बनवणारे बहुतेक मोठे कारखाने एकाच शहरात होते : अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शिकागोत. गॉटलीब, बॅली, विल्यम्स ही नावे जगभरच्या आर्केडमध्ये झळकत. आणि याच शहरात कित्येक वर्षे पिनबॉलवर बंदी होती! हा निव्वळ दांभिकपणा असे म्हणून मोकळे होता येईल. मला मात्र त्यात कायद्याची खरीखुरी अडचण दिसते.

1931 साली गॉटलीबचे ‘बॅफल बॉल’ साडेसतरा डॉलरला विकले जाई. मंदीच्या दिवसांत दुकानदाराला ते परवडे आणि गिऱ्हाईकाला एका सेंटात विरंगुळा मिळे. दट्ट्या ओढून गोळी सोडली की खेळणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नसे. जास्त गुण मिळवणाऱ्याला दुकानदार सिगारेट किंवा रोख बक्षीस देऊ लागले, तेव्हा तो जुगारच झाला. शिवाय नाण्यांच्या धंद्यावर गुन्हेगारी टोळ्यांची नजर असेच. न्यूयॉर्कमध्ये तर 1942 साली महापौर ला ग्वार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली.

पण ‘हातात फारसे काही नाही’ हे तेव्हाही पुरते खरे नव्हते. सराईत खेळाडू यंत्राला बेताचा धक्का देऊन गोळी वळवत. म्हणूनच हॅरी विल्यम्स यांनी ‘टिल्ट’ची युक्ती काढली. तिच्या पुढच्या रूपात धातूच्या कड्यात एक लंबक टांगलेला असे; धक्का जोराचा बसला की लंबक कड्याला टेकून विद्युतमंडल पुरे होई आणि डाव संपे. नुसत्या नशिबाच्या खेळाला असा पहारेकरी कशाला लागला असता?

1947 साली गॉटलीबच्या हॅरी मॅब्स यांनी ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्राला सहा फ्लिपर बसवले. आता गोळी परत वर उडवता येऊ लागली. खेळ बदलला, पण कायदा जवळजवळ तीस वर्षे 1931च्याच यंत्राकडे बघत राहिला. अखेर 1976 साली न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेसमोर रॉजर शार्प यांनी गोळी कोठून जाईल हे आधी सांगून दट्ट्या सोडला. गोळी तेथूनच गेली. पुराव्यासाठी आणलेले यंत्र अर्थात शिकागोचेच होते. न्यूयॉर्कपाठोपाठ शिकागोनेही बंदी उठवली.

पुढचा काळ झपाट्याचा. बॅलीची ‘अलादिन्स कॅसल’ नावाची आर्केडे ठिकठिकाणच्या मॉलमध्ये होतीच. 1980 साली तिच्याच मिडवे कंपनीने जपानी ‘पॅक-मॅन’ अमेरिकेत आणला. 1992चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ही शिकागोतच घडला. पडद्यावरच्या खेळांनी पिनबॉलला मागे सारले आणि नंतर घरातल्या व्हिडिओ गेमनी आर्केडलाच. 1999 साली विल्यम्सने पिनबॉल बनवणे थांबवले. स्टर्न ही कंपनी मात्र शिकागोच्या उपनगरात अजून यंत्रे बनवते.

ब्रुकफील्ड या दुसऱ्या उपनगरात 2010 साली ‘गॅलपिंग घोस्ट’ हे आर्केड सुरू झाले. तेथे दारातच दिवसाचे पैसे भरायचे आणि हवे तितके खेळायचे. यंत्रांत नाणे टाकावे लागत नाही.